टेक्सासमधले कोच आणि आपले क्रीडा शिक्षक

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात एक वाद दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. वरच्या पातळीवरच्या स्पर्धांत खेळलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत कमाल २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात, ते मिळावेत की नाहीत, हा तो वाद. एक बाजू म्हणते की, वर्षभर मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाच्या अभ्यासाचे जे नुकसान होते त्याची ही किमान भरपाई आहे. दुसरी बाजू म्हणते की, अकरावीची प्रवेशयादी दशांश गुणांवर ठरत असताना अशी सवलत म्हणजे अभ्यास करणाऱ्या मुलावर सरळ अन्याय आहे. याच्या जोडीने दुसरी तक्रारही ऐकू येते, ती म्हणजे शाळांत क्रीडा शिक्षकच उरलेले नाहीत, असलेल्यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत आणि खेळाचा तास गणिताच्या सरांच्या पदरात पडतो. या दोन्ही चर्चांत कोणी ना कोणी अमेरिकेचे उदाहरण देतेच, आणि त्या उदाहरणासोबत बहुधा टेक्सासमधल्या एखाद्या शाळेच्या प्रचंड स्टेडियमचे छायाचित्र असते. मी मूळची कोल्हापूरची. गेली बरीच वर्षे डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहते आणि माझा मुलगा इथल्याच सरकारी हायस्कुलात फुटबॉल खेळला. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, उदाहरण योग्य आहे, मात्र पाहणाऱ्यांची नजर स्टेडियमवरच अडकते आणि जे खरोखर पाहण्यासारखे आहे ते राहून जाते.

स्टेडियमचा विषय आधीच संपवते. इथला फुटबॉल आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे; लांबट चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून खेळायचा हा अमेरिकन फुटबॉल आहे. मुलांच्या शालेय खेळांत भाग घेणाऱ्यांच्या संख्येने तो देशात पहिल्या क्रमांकाचा असून २०२३-२४ या शालेय वर्षात हायस्कूल पातळीवर तो खेळणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर होती. शाळांचे सामने शुक्रवारी संध्याकाळी होतात आणि त्या संध्याकाळीला इतके महत्त्व आहे की, १९६१ च्या संघीय कायद्याने व्यावसायिक लीगला सामूहिक प्रक्षेपण हक्क विकण्याची मुभा दिली, तर १९६६ च्या दुरुस्तीने, सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर शालेय सामन्यांच्या परिसरात ही मुभा चालणार नाही, अशी अट घातली. अॅलन नावाच्या उपनगराने २०१२ साली आपल्या हायस्कूलसाठी सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून १८ हजार आसनांचे स्टेडियम उभारले. छायाचित्र बहुतेक वेळा याच स्टेडियमचे असते. त्या स्टेडियमच्या काँक्रीटला तडे गेल्याने ते २०१४ मध्ये बंद ठेवावे लागले आणि दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडले, ही गोष्ट छायाचित्र पाठवणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. मतदारांनी स्वतःवर कर्ज घेऊन असे स्टेडियम बांधावे की नाही, यावर इथल्या नागरिकांतही तीव्र मतभेद आहेत. महाराष्ट्राने त्यातून काही घेण्याची गरज मला तरी दिसत नाही.

घेण्यासारखा आहे तो त्या मैदानावर उभा असलेला माणूस. टेक्सासमध्ये शालेय स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग ही संस्था चालवते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी संलग्न असलेली ही संस्था १९१० च्या सुमारास वादविवाद स्पर्धांसाठी सुरू झाली आणि आजही संगीत, भाषण, गणित आणि खेळ या साऱ्यांच्या स्पर्धा तिच्याच छताखाली होतात. तिच्या नियमानुसार हायस्कूल फुटबॉलचा कोच हा त्या शाळा-जिल्ह्याचा, म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, पूर्णवेळ कर्मचारी असावा लागतो. निवृत्त शिक्षकांसारखे थोडे अपवाद सोडले तर बाहेरून कंत्राटावर कोच आणता येत नाही. त्यामुळे बहुतेक कोच दिवसा वर्गावर शिकवतात. कोणी इतिहास, कोणी जीवशास्त्र, तर कोणी आरोग्यशिक्षण. शिकवण्याच्या पगारावर कोचिंगचे वेगळे मानधन मिळते, आणि खेळाचा तास शाळेच्या वेळापत्रकातच एक तासिका म्हणून बसवलेला असतो. शाळा सुटल्यानंतरच्या सरावालाही मर्यादा आहे. शालेय आठवड्यात सोमवार ते शुक्रवार मिळून एका खेळासाठी शाळेच्या वेळेबाहेर आठ तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही.

आमच्या मागच्या रस्त्यावर असेच एक शिक्षक राहतात. भूगोल शिकवतात आणि तीन दशकांहून अधिक काळ फुटबॉलचे सहायक कोच आहेत. मुख्य कोच होण्याची संधी त्यांना दुसऱ्या गावी मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. हंगामात ते पहाटे साडेसहाच्या आत शाळेत असतात. गुरुवारी नववीच्या मुलांचा सामना, शुक्रवारी मुख्य संघाचा, शनिवारी सकाळी त्या सामन्याचे चित्रीकरण मुलांना दाखवून चुका समजावणे आणि त्यानंतर घामेजलेल्या जर्सींचे ढीग यंत्रात घालणे, असा त्यांचा आठवडा असतो. जवळच्या गावी सामना असला की शाळेची पिवळी बसही तेच चालवतात, कारण त्यासाठीचा परवाना त्यांनी काढून ठेवला आहे. वसंत ऋतूत हीच माणसे धावण्याच्या शर्यतींचे कोच होतात. या साऱ्याचे मानधन तासांच्या हिशेबाने पाहिले तर ते फार थोडे आहे, हे त्यांच्या पत्नीनेच मला एकदा सांगितले. तरीही त्यांच्या बोलण्यात आपण शिक्षक आहोत ही जाणीव आधी येते आणि कोच असल्याची नंतर.

अशी कारकीर्द अपवादात्मक नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या समरव्हिल हायस्कूलमध्ये जॉन मॅकिसिक १९५२ ते २०१४ पर्यंत एकाच शाळेचे कोच होते आणि त्यांच्या नावावर ६२१ विजय आहेत. ते निवृत्त झाले तेव्हा अमेरिकन फुटबॉलमध्ये कोणत्याही पातळीवरच्या कोचला ही संख्या गाठता आलेली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या काँकॉर्डच्या डी ला सॅल या कॅथलिक शाळेत बॉब लाडुसर यांनी १९७९ साली संघ हाती घेतला, तेव्हा त्या शाळेने एकही यशस्वी हंगाम पाहिलेला नव्हता. पुढे १९९२ ते २००४ या काळात त्यांच्या संघाने सलग १५१ सामने जिंकले. तेही वर्गावर धर्मशिक्षण हा विषय शिकवत. आकड्यांमुळे ही नावे गाजली. मला त्यात विशेष वाटते ते इतकेच की, दोघांनीही मोठ्या पगाराच्या महाविद्यालयीन कोचिंगकडे न वळता हायस्कुलातच आयुष्य काढले आणि समाजाने त्यात कमीपणा मानला नाही. आपल्याकडे एखाद्या क्रीडा शिक्षकाने तीस वर्षे एकाच शाळेत संघ घडवला, तर निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते. त्याचे नाव तालुक्याबाहेर जात नाही.

आता गुणांच्या प्रश्नाकडे येते. टेक्सासमध्ये १९८४ साली शिक्षण सुधारणेचा एक व्यापक कायदा झाला. उद्योजक रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याचा आग्रह धरला होता आणि गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी तो मंजूर करून घेतला. त्यातले एक कलम ‘नो पास, नो प्ले’ या नावाने देशभर गाजले. ठरावीक शालेय कालखंडात एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले, तर त्या विद्यार्थ्याला स्पर्धेत उतरता येणार नाही, असा हा नियम. सुरुवातीला ही बंदी सहा आठवड्यांची होती, १९९५ मध्ये ती तीन आठवड्यांवर आणली गेली. काही कठीण प्रगत विषयांना त्यातून सूट आहे, आणि बंदीच्या काळातही मुलाला सरावाला येता येते. नियम केवळ फुटबॉलला नव्हे तर वाद्यवृंदालाही आणि नाटकालाही लागू आहे.

हा नियम कोचमंडळींनी आनंदाने स्वीकारला, असे मुळीच झाले नाही. अनेक कोच त्याच्या विरोधात उभे राहिले. १९८६ च्या निवडणुकीत मार्क व्हाइट हरले, त्यामागच्या कारणांत कोचमंडळींचा रोषही धरला जातो. नापास होणारी मुले केवळ खेळासाठीच शाळेत टिकून आहेत, खेळ काढून घेतला तर ती शाळाच सोडतील, हा त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. परंतु चार दशकांनंतर आज परिस्थिती अशी आहे की, मुलाच्या बीजगणिताच्या गुणांची काळजी बीजगणिताच्या शिक्षिकेइतकीच कोचला असते. गुण जाहीर होण्याच्या आठवड्यात आमचे शेजारी सरावानंतर स्टँडच्या खालच्या पायरीवर कागद घेऊन बसतात आणि एकेका मुलाला जवळ बोलावतात. एका हंगामात माझ्या मुलाच्या गटातला एक दांडगा मुलगा बीजगणितात अडला. कोचने त्याच्यावर आरडाओरडा केला नाही. उद्यापासून सकाळी सातला गणिताच्या खोलीत बसायचे, मी दाराशी येऊन बघेन, एवढेच सांगितले. तीन शुक्रवार तो मुलगा साध्या कपड्यांत स्टँडमध्ये बसला. चौथ्या शुक्रवारी तो मैदानात होता. त्या तीन आठवड्यांत कोच खरोखरच रोज सकाळी त्या दाराशी उभे राहत होते, हे मी स्वतः पाहिले, कारण मुलाला शाळेत सोडायला मी त्याच वेळी जात असे.

आपल्याकडची सवलत नेमकी उलट दिशेने काम करते. इथे खेळायचे असेल तर आधी उत्तीर्ण व्हावे लागते. आपल्याकडे खेळल्यामुळे उत्तीर्ण होता येते किंवा टक्केवारी वाढते. सवलतीच्या गुणांमागचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु अभ्यास बुडतो हे गृहीत धरून शेवटी गुण वाटले की, अभ्यास बुडू नये ही कोणाचीच जबाबदारी राहत नाही. शिवाय ज्या गोष्टीचे मोल गुणांत आणि नोकरीच्या आरक्षणात मोजले जाते, तिच्या प्रमाणपत्रांचा बाजार होतो. सरकारी नोकऱ्यांतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी बोगस प्रमाणपत्रे दिल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. यात ग्रामीण भागातल्या खऱ्या खेळाडूचे सर्वांत जास्त नुकसान होते, कारण त्याच्या खऱ्या प्रमाणपत्राकडेही संशयाने पाहिले जाते. म्हणून सवलत रद्द करा, अशी माझी मागणी नाही. जोवर मुलाचा अभ्यास आणि खेळ यांची सांगड घालणारा शिक्षक शाळेत नाही, तोवर ती काढून घेणे हा त्या मुलावर दुहेरी अन्याय ठरेल. क्रम महत्त्वाचा आहे. आधी शिक्षक आणि मग सवलतीचा फेरविचार.

टेक्सासच्या व्यवस्थेत दुसरी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल आपल्याकडे महाराष्ट्रात कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. या खेळाचा कारभार मोठ्या प्रमाणात शिक्षकांच्या स्वयंसेवी नेतृत्वावर चालतो. टेक्सास हायस्कूल कोचेस असोसिएशन ही संघटना १९३० सालापासून आहे. तिच्या संचालक मंडळावर निवडून येणारे लोक स्वतः शाळांतून काम करणारे कोच असतात. दर उन्हाळ्यात ही संघटना कोचसाठी मोठे प्रशिक्षण शिबिर भरवते. तिथे आदल्या वर्षी विजेता ठरलेला कोच आपली रणनीती प्रतिस्पर्ध्यांसमोर फळ्यावर मांडून दाखवतो. आमचे शेजारी काही वर्षे प्रादेशिक पातळीवर या कामात होते. त्याचे वेतन नाही. शनिवार-रविवार जातात. फोन मात्र सतत वाजत राहतो: कुठे एका तरुण कोचला हंगामाच्या मध्यावर काढून टाकले आहे आणि त्याला दुसरी शाळा शोधायची आहे, तर कुठे दोन शाळांमध्ये एखाद्या मुलाच्या स्थलांतरावरून वाद पेटला आहे. स्थलांतराच्या अशा वादांचा पहिला निवाडा त्या गटातल्या शाळांच्याच प्रतिनिधींची समिती करते. म्हणजे प्रतिस्पर्धी शाळेचा माणूस तुमच्या खेळाडूच्या पात्रतेवर मत देतो. या रचनेत हेवेदावे होतात, अन्यायही होतो. पण निर्णय करणाऱ्यांना शाळा म्हणजे काय हे ठाऊक असते, आणि पुढच्या वर्षी तीच वेळ आपल्यावर येऊ शकते, याचे भान त्यांना असते.

सामन्याच्या दिवशीची कामेही बरीचशी स्वयंसेवकांच्या खांद्यावर असतात. चेंडू किती पुढे सरकला हे मोजण्यासाठी मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी धरून धावणारी माणसे पाहिली की मला आपल्या पेठांतली मंडळे आठवतात. ही बहुधा गावातलीच मंडळी, वर्षानुवर्षे तेच काम करणारी. त्यांना बसायला जागा नसते, पावसात छत्री धरता येत नाही, आणि आपल्या संघाने गुण मिळवले तरी टाळी वाजवायची नाही हा शिरस्ता ते कसोशीने पाळतात. पालकांची समिती खाद्यपदार्थांचा ठेला चालवते आणि त्यातून वाद्यवृंदाच्या प्रवासाचे पैसे उभे राहतात. मीही त्या ठेल्यावर काम केले आहे, आणि नव्याने आलेल्या मराठी पालकांना मी आवर्जून तिथे घेऊन जाते, कारण या समाजात आपण पाहुणे नाही हे समजण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

या नेतृत्वाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे चित्र खरे ठरणार नाही. टेक्सासमध्ये वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि त्यांना युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीगमध्ये प्रवेश नव्हता. त्यांच्या शिक्षकांनी १९२० मध्ये सुरू झालेल्या, पुढे प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलॅस्टिक लीग म्हणून ओळखल्या गेलेल्या स्वतंत्र लीगमध्ये अर्धशतक आपला फुटबॉल जिवंत ठेवला. शुक्रवारची संध्याकाळ गोऱ्या शाळांसाठी राखीव असल्याने त्यांचे सामने अनेक गावांत बुधवारी किंवा गुरुवारी होत. ब्यूमाँट शहरातल्या चार्लटन-पोलार्ड शाळेत विली रे स्मिथ यांच्यासारखे कोच तुटपुंज्या साधनांवर संघ उभारत होते; त्यांचाच मुलगा आणि विद्यार्थी बबा स्मिथ १९६७ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत देशात पहिला निवडला गेला. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नामवंत ठरलेला खेळाडू जो ग्रीन हा टेंपल गावच्या अशाच डनबार शाळेतून आला. शाळांचे एकत्रीकरण झाले, १९७० मध्ये ती लीग बंद झाली, आणि जे व्हायला नको होते ते झाले. कृष्णवर्णीयांच्या कितीतरी शाळा बंद करण्यात आल्या आणि तिथल्या मुख्य कोचना एकत्रित शाळांमध्ये सहायकाचे पद देण्यात आले किंवा मैदानापासूनच दूर करण्यात आले. त्या पिढीतल्या निवृत्त कोच आणि खेळाडूंनी पुढे स्वतःची संघटना करून हा इतिहास, नोंदी आणि नावे जपली. त्यासाठी त्यांना कोणी पगार दिला नाही. शिक्षकाचे स्वयंसेवी नेतृत्व म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला या राज्यात सापडत नाही, आणि शिक्षकांच्या संघटना जेव्हा आपल्यातल्याच काहींना बाहेर ठेवतात तेव्हा काय घडते, याचेही हेच उदाहरण आहे.

मराठी पालक मला सर्वांत आधी दुखापतीबद्दल विचारतात, आणि ते योग्यच आहे. या खेळात डोक्याला मार बसतो. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा मार बसल्यानंतर पुन्हा मैदानात उतरला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या नावाने २००९ मध्ये तिथे कायदा झाला आणि पुढच्या पाच वर्षांत सर्व राज्यांनी तसे कायदे केले. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यानुसार मार बसल्याचा संशय आला तरी त्या दिवशी मुलाला पुन्हा खेळवता येत नाही आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत घेता येत नाही. पूर्ण अंगझटीचा सराव आठवड्यात दर खेळाडूमागे ९० मिनिटांवर आणला आहे. ऑगस्टच्या उन्हात मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेले मोठे टब ठेवलेले असतात, कारण उष्माघात झालेल्या मुलाला आधी थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा नियम आता रुजला आहे. इतके असूनही हा खेळ पूर्णपणे सुरक्षित आहे असे मी कोणालाही सांगणार नाही, आणि ज्या पालकांनी मुलाला नकार दिला त्यांचा निर्णय मला समजतो. पण बर्फाचा टब मला जास्त शिकवून गेला. आपल्या आंतरशालेय स्पर्धा कडक उन्हात होतात, मुले रांगेत तासन्‌तास उभी असतात, आणि मैदानावर प्रथमोपचाराची पेटी असली तर असते. कबड्डी असो, खो-खो असो वा धावणे असो, उष्माघाताला खेळाचे नाव कळत नाही.

इथले आणखी काही दोष उघड आहेत. सामने हरत राहिले तर चांगल्या शिक्षकालाही जावे लागते, कारण त्याची वर्गावरची नोकरी आणि मैदानावरची नोकरी एकमेकींना बांधलेल्या असतात. कोच हवा म्हणून कमी तयारीच्या माणसाला इतिहासाचा वर्ग दिला जातो, ही इथल्या पालकांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. मुलींच्या व्हॉलीबॉलच्या कोचला तीच प्रतिष्ठा मिळत नाही. हे दोष मला मान्य आहेत. ते आयात करू नयेत.

महाराष्ट्रात मात्र पायाच दुबळा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे, आणि त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळांसाठी पटसंख्या शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सुचवले आहेत. अंशकालीन या एका तरतुदीने फार नुकसान केले. ज्याला तासाप्रमाणे मोबदला मिळतो, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो मुलाच्या बीजगणिताची चौकशी कशी करेल? त्याला ती करण्याचा अधिकार तरी कोणी दिला आहे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांतली भिंत पाडण्याची भाषा केली. भिंत पाडायला माणसे लागतात, आणि संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला पटसंख्येनुसार मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांच्या, तक्त्यात त्या माणसांसाठी रकाना नसतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभरातल्या शाळांना फुटबॉल वाटले गेले आणि एका दिवशी लाखो मुले मैदानात उतरली. तो दिवस सुंदर होता. दुसऱ्या दिवशी त्या चेंडूत हवा भरायला कोण होते, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता.

त्याच विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, म्हणजे शासनाने चालवलेल्या निवासी व्यवस्थेत, जिथे प्रशिक्षक, शाळा आणि मैदान एकत्र होते. जिथे ही तिन्ही एकत्र येतात तिथे रिक्षाचालकाचा मुलगाही देशासाठी खेळतो. अशा जागा मोजक्याच आहेत. बाकीच्या मुलांना एक तर खासगी अकादमीची फी भरावी लागते किंवा खेळ सोडावा लागतो. शहरांत अकादम्या वाढत आहेत आणि त्यातल्या काही उत्तम आहेत, परंतु अकादमीच्या प्रशिक्षकाचा मुलाच्या शाळेशी संबंध नसतो, आणि मुलगा दहावीत गेला की आईवडील आधी अकादमी बंद करतात.

स्वयंसेवी नेतृत्वाची परंपरा मात्र आपल्याकडे टेक्सासपेक्षा कमी नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींनी कोल्हापूरचा फुटबॉल लोकवर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या बळावर जगवला आहे. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रोतो चषक या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेसाठी तालुक्यापासून संघ निवडले जातात, तेव्हा मैदान आखण्यापासून सामन्यांच्या भाग्यपत्रिका काढण्यापर्यंतची कामे तालुका क्रीडा संयोजक म्हणून नेमलेले क्रीडा शिक्षकच करतात. त्यांच्या हातात चुन्याची पोती असतात, शिट्टी असते आणि वेळप्रसंगी स्वतःच्या खिशातून मुलांच्या वडापावचे पैसेही असतात. नसतो तो निर्णयाचा अधिकार. स्पर्धा कधी घ्यायची, परीक्षेच्या आठवड्यात घ्यायची का, वयोगटाची पडताळणी कशी करायची, हे वर ठरते. क्रीडा संघटनांच्या अध्यक्षपदी राजकीय नेते असतात. त्यांच्यामुळे निधी येतो हे मी नाकारत नाही. परंतु ज्या कार्यकारिणीत रोज मैदानावर उभा राहणारा एकही शालेय शिक्षक नसतो, ती कार्यकारिणी मुलांसाठी निर्णय घेत आहे असे म्हणणे कठीण आहे.

एवढ्या पैशांचे काय, असा प्रश्न मला हमखास विचारला जाईल. मी जे सुचवते आहे त्याला स्टेडियम लागत नाही. माध्यमिक शाळेत क्रीडा शिक्षकाचे पद पूर्णवेळ आणि कायम असावे. त्याला शारीरिक शिक्षणाबरोबर आणखी एक विषय शिकवण्याची पात्रता आणि संधी असावी, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत त्याच्या शब्दाला वजन येईल. शाळा सुटल्यानंतरच्या सरावाचे मानधन लेखी ठरलेले असावे, संघाबरोबरचा प्रवास कर्तव्यकाळ धरला जावा, आणि स्पर्धेच्या तोंडावर त्याला निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामाला जुंपू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका याच कामांसाठी शिक्षकांना नेमता येते. प्रत्यक्षात यादी किती लांबते हे प्रत्येक शाळेला माहीत आहे. जिल्हा क्रीडा समित्यांत कार्यरत क्रीडा शिक्षकांनी, त्यांच्यातून आणि त्यांच्याच मतांनी निवडलेल्या प्रतिनिधींना निम्म्या जागा असाव्यात. त्यात शिक्षिकाही असाव्यात, आश्रमशाळांचे आणि विनाअनुदानित शाळांचे शिक्षकही असावेत; टेक्सासने ज्यांना अर्धशतक बाहेर ठेवले तसे आपण कोणाला ठेवू नये. हे एखाद्या जिल्ह्यात तीन वर्षे करून पाहावे, त्या जिल्ह्यातल्या खेळाडूंचे दहावीचे मूळ गुण, म्हणजे सवलत न धरता पडलेले गुण, दरवर्षी जाहीर करावेत, आणि त्या आकड्यांच्या आधारे सवलतीच्या गुणांचे पुढे काय करायचे ते शिक्षक, पालक आणि बोर्ड यांनी एकत्र बसून ठरवावे. कोल्हापूरने यात पुढाकार घेतला, तर सुटीत येऊन मैदान आखण्याच्या कामाला मी स्वतः उभी राहीन.